मावशीच्या अंगणातली काठी

मी एक खोटा निरोप सांगितला होता. दुसऱ्याकरवी नाही, स्वतः चालत जाऊन, स्वतःच्या तोंडानं. त्यातून जे घडलं त्याचा ठपका एका म्हाताऱ्या बाईवर आला, आणि तो मी अकरा वर्षं तिच्यावर राहू दिला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी तिचं वर्णन करत जाईन, वाचणाऱ्याला मी कोणी गुणग्राहक माणूस वाटेन, आणि पुन्हा एकदा तिच्या आडोशाला मला उभं राहायला मिळेल. तेवढं तरी आता करायचं नाही.

ती सुईण होती. मळवली स्टेशनापासून दीड-दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिच्या अगदी शेवटच्या घरात ती एकटी राहायची. लहानपणीच विधवा झालेली, शेतकऱ्याच्या घरची. सगळा मुलूख तिला मावशी म्हणायचा. वाडी आणि स्टेशन यांच्या मधे जे गाव आहे, तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. वय सत्तावीस.

मास्तर होतो म्हणजे काय काय होतो ते सांगायला हवं. वाचनालयाचा चिटणीस मी, तालमीचा खजिनदार मी, दारूबंदी मंडळाचा कार्यवाह मी. पोस्टाची पेटी माझ्या ओट्यावर. गणपतीतले मेळे मी बसवायचे, प्रौढांचे वर्ग मी घ्यायचे, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात पंच म्हणून मीच. मला भेटायला आलेला माणूस तीन ठिकाणी हिंडायचा आणि चौथ्या ठिकाणी ऐकायचा, की मास्तर आत्ताच गेले. याचा मला अभिमान होता. शाळेतल्या पहिलीच्या मुलांना वर्षअखेर धड जोडाक्षरं येत नव्हती, याकडे मात्र माझं लक्ष नव्हतं. आमचे हेडमास्तर एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला वाटलं ते हेव्यानं बोलतायत.

मावशीबद्दल गावात पहिली गोष्ट ऐकू यायची ती मिरचीची. ती मिरचीला हात लावत नसे. कालवण करायची ते मीठ-लसणावर. गावातल्या बाया थट्टा करत, की मावशीच्या घरी पाहुणा गेला तर आजारी पडल्यासारखा जेवून येतो. ती म्हणायची, "मिरचीचा हात दोन दिस जात न्हाई. आन बोलावनं काय दोन दिस आदी कळवून येतं व्हय?"

तिच्या उंबऱ्याशी एक खरखरीत दगड होता. रोज उठल्यावर ती त्यावर नखं घासायची. भिंतीवर नेहमी जुनेर धुऊन उन्हात टाकलेलं असायचं. उपास करायची नाही, कारण उपासानं हात थरथरतो. दुपारी जेवून झोपायची, आणि कोणी नावं ठेवली तर म्हणायची की रातच्याला झोप मिळंल असं कुनी लिवून दिलंय?

हे सगळं चालून गेलं असतं. विक्षिप्त बाई म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण ती भातलावणीला जाणं बंद करून बसली, आणि ते मावळात चालत नाही. आषाढात सगळं घर गुडघाभर चिखलात असतं. आजारी माणूसही बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधून देतो. ही मात्र ओसरीवर कोरडे पाय घेऊन बसलेली. तिचा दीर वाटेवरनं ओरडला होता, "वयनी, भाताचा वाटा मागाय बरी येशील!" तर तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "वाटा नगं. जमीन तुमी खावा. मला ह्ये घर आन दारापातुरची वाट ठिवा." आणि खरंच, त्यानंतर तिनं जमिनीचं नाव काढलं नाही. गायही त्याच्याच गोठ्यात नेऊन बांधली. गाय दूध देते, पण गाय वेळ मागते, असं तिचं म्हणणं.

पूर्वी ती अशी नव्हती. लग्नाच्या चुलवणावर तिच्याशिवाय भात उतरत नसे. ओव्या म्हणाव्या तर तिनं, रुसलेली सून आणावी तर तिनं, मयताच्या घरी पहिली भाकरी घेऊन जावं तर तिनं. एके दिवशी तिनं हे सगळं एकदम सोडलं. लग्नं, बारशी, दहावे, बाजार, जत्रा, सगळं. डोंगरावरच्या आईची चैत्रातली जत्रा तिच्या दारावरून जायची. ढोल वाजत, पालखी जाई. ही अंगणातून हात जोडायची आणि आत जायची. कोणीतरी टोचून विचारलं की मावशी, आईवर बी रुसलीस का? म्हणाली, "आई वर हाय, मी खाली हाय. दोगी एकच काम करतो. दोगी बी जागा सोडून गेलो तर कसं व्हायाचं?"

पाटलांच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा पाटील स्वतः तिच्या दारी गेले. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण लग्नाच्या पत्रिका अर्थातच मी लिहिल्या होत्या. पाटलांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, की निदान भाताच्या चुलीपाशी येऊन बस, गावकीचा मान आहे.

"मान तुमचाच ऱ्हाऊ द्या, आबा. माज्याकडं ठिवाया जागा न्हाई."

"उद्या गाव तुज्याकडं आलं न्हाई तर काय करशील?"

"गाव येतच न्हाई, आबा. गावच्या बाया येत्यात. त्या तुमाला इचारून आडत न्हाईत."

पाटील हसले, पण वाटेत माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी मला ती आवडली. खरं सांगायचं तर तिच्यासारखं आपल्याला कधीच जमणार नाही याचा रागही आला.

बाळ झालं, नाळ कापली, आईला गरम पाणी घातलं की तिचं काम संपे. जेवायला थांबायची नाही. साडी-चोळी घ्यायची नाही. घेतलं तर जुनं मऊ सुती लुगडं. बारशाला बोलावलं तर म्हणायची, "नाव ठिवनारे लय हायेत गावात."

आता काठीचं. तिच्या घरी वेळूची एक लांब काठी होती, दीड पुरुष उंचीची. ती घरात असली की काठी भिंतीला टेकलेली असे. बोलावणं आलं की निघताना ती काठी अंगणात आडवी टाकायची, ज्या गावाला चालली त्या दिशेला टोक करून. टोक नदीकडे असलं तर पलीकडचं गाव, डोंगराकडे असलं तर वरच्या वस्त्या, बाभळीकडे असलं तर मळवली स्टेशन. म्हणजे ती नसताना दुसरं कोणी धावत आलं तर त्यानं काठी बघावी आणि तसंच पुढं पळावं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना ती पाटी पुरेशी होती. इतक्या वर्षांत ती काठी कधी चुकली नव्हती.

दारात आलेल्याला ती काही विचारायची नाही. आधी उठायचं, विचारायचं ते वाटेवर, असा नेम. एकदा वरच्या वस्तीतला एक जण धापा टाकत आला, की लई आडलीय, चला. अर्धा कोस गेल्यावर निघालं, की म्हैस अडली होती. मावशी रागावली नाही. उलट म्हणाली की पळत आलास ते बरं केलंस, आता तसाच पळत गुराख्याकडं जा. ही गोष्ट मी गावात रंगवून सांगत असे. आणि पुढं जेव्हा मी खोटा निरोप घेऊन गेलो, तेव्हा मनाशी याच गोष्टीचा आधार घेतला होता, की ती त्यालाही रागावली नाही.

फाल्गुनात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मामलेदारसाहेब येणार होते. मला लोणावळ्याच्या मोठ्या शाळेत बदली हवी होती, आणि साहेबांचा शब्द चालतो हे मला ठाऊक होतं. नुसत्या मुलांच्या कवायतीनं साहेब खूश होणार नाहीत म्हणून मी एक कल्पना काढली: 'कर्तव्यनिष्ठ ग्रामभगिनीचा सत्कार.' तळेगावहून हस्तपत्रकं छापून आणली, शाल आणली, आणि मग मावशीला सांगायला गेलो. हा क्रमही माझाच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, की शाल लोकरीची आहे का सुती? मी म्हटलं, लोकरीची. म्हणाली, "मंग नगं. सुती असती तर फाडून बाळुती तरी झाली असती."

मी पुष्कळ बोललो. तुमचा आदर्श, लोकांना वळण, असं. तेव्हा तिनं मला ते सांगितलं, जे तिनं पाटलांना सांगितलं नव्हतं. पूर्वी एकदा पलीकडच्या गावात एक बाई अडली. तिचा भाऊ मावशीला शोधत आला. घरी नव्हती. कोणी म्हणालं शेतात असेल, कोणी म्हणालं बाजाराला गेली, कोणी म्हणालं लग्नाच्या मांडवात बघ. चार ठिकाणी हिंडून तो पाचव्या ठिकाणी पोचला. "तितं मी पापड तळत हुते, मास्तर. लोकं म्हनत हुती, मावशीवानी पापड कुनाचं न्हाई. त्यो दारात उभा ऱ्हायला आन मला हाक मारायचा बी त्याला धीर हुईना. लय उशीर झालता." मग म्हणाली, "काम येनं सोपं हाय. सापडनं अवघड. मी फकस्त सापडायचं ठरिवलं."

एवढं ऐकूनही मी ते केलं. म्हणून म्हणतो, मला अज्ञानाची सबब नाही.

संमेलनाच्या दिवशी दुपारी मुलांची कवायत सुरू झाली. साहेब येऊन बसले. पत्रकात पुढचं नाव मावशीचं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या दारानं निघालो आणि वाडीवर गेलो. ती भिंतीवरचं जुनेर घडी करत होती. मी म्हटलं, "मावशी, स्टेशनाजवळच्या बंगल्यातल्या माळ्याची बायको अडलीय."

तिनं घडी तशीच टाकली. गाठोडं घेतलं. काठी अंगणात टाकली, टोक बाभळीकडे. काठी किंचित वाकडी पडली, तेव्हा तिनं ती पायानं सरळ केली. मी ते बघत उभा होतो.

वाटेवर तिनं विचारायला सुरुवात केली.

"कितवी खेप?"

"पहिलीच."

"पानी गेलं का?"

याचा अर्थही मला नीट कळला नाही. मी हो म्हटलं.

"कवा?"

"सकाळी."

हे ऐकलं आणि ती पळायला लागली. साठीची बाई, हातात गाठोडं, पदर खोचलेला, ढेकळांच्या वाटेनं पळत होती आणि मी मागून धापा टाकत येत होतो. त्या वेळी मी थांबवू शकलो असतो. हाक मारून सांगितलं असतं की मावशी, खोटं आहे, परत जा. पण शाळेच्या पताका दिसायला लागल्या होत्या.

शाळेच्या फाटकाशी मी तिला गाठलं आणि हसत हसत सांगितलं, की कोणी अडलेलं नाही, सत्कार आहे. मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "म्हंजी माळ्याची बायकू बरी हाय?"

"बरी आहे."

"पानी गेल्यालं न्हाई?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि परत फिरली.

मी तिच्यापुढं हात जोडले. साहेब बघतायत, पत्रकात नाव छापलंय, पाच मिनिटं बसा, नाहीतर माझी अब्रू जाईल, असं बोललो. तिनं एकदा वाडीच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाच मिंटं," आणि आत येऊन खुर्चीवर न बसता खाली बसली.

साहेब कर्तव्यनिष्ठेवर बोलले. पाच मिनिटं कधीच उलटली. माणसानं अनेक अंगांनी समाजाला उपयोगी पडावं, असंही त्यात होतं. मी माना डोलावत होतो. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि पुढं बोलू लागले. बोलणं चालू असतानाच ती उठली आणि चालायला लागली. खांद्यावर शाल आहे याचंही तिला भान नव्हतं. लोक हसले.

फाटकात तिला चंद्राचा नवरा भेटला.

चंद्रा म्हणजे त्याच वाडीतल्या खालच्या आळीची पहिलटकरीण. आम्ही वाडीतून निघालो आणि थोड्याच वेळात तिचा नवरा मावशीच्या अंगणात आला होता. त्यानं काठी बघितली. बांधाबांधानं जवळच्या वाटेनं तो स्टेशनाकडे पळाला, म्हणून आमची गाठ पडली नाही. स्टेशनाजवळ पहिल्याच बंगल्यावर माळ्याची बायको आडावर पाणी शेंदत होती. त्यानं विचारलं, हितं कोन आडलंय? ती त्याला हसली, की माझं पोर दोन वर्षांचं झालंय, मी कशाला बाळंत होऊ? त्यानं आणखी दोन-तीन बंगले पालथे घातले. शेवटी मोठ्या रस्त्यानं परत येताना त्याला शाळेतली गर्दी दिसली, आणि गर्दीतून शाल पांघरून बाहेर येणारी मावशी दिसली.

त्यानं धापा टाकत वाडीकडे हात केला. दोघं वाडीकडे पळत सुटली.

तिच्यामागून आलेला मी फाटकात उभा होतो. मला सगळं कळलं होतं. मी आत गेलो आणि आभारप्रदर्शन केलं.

मूल पायाकडून आलं होतं. चंद्रा वाचली, मूल गेलं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशीपासून मावशीला 'शालवाली' हे नाव पडलं. जिला पाटलांच्या लग्नाला यायला सवड नव्हती, देवीच्या जत्रेला सवड नव्हती, ती शाल घ्यायला बरी गेली, आणि लोकांना चकवायला काठी भलतीकडे करून गेली. चंद्राच्या सासूनं हे आळीआळीत सांगितलं. ज्यांना मावशीनं कधी ना कधी नाही म्हटलं होतं ते सगळे आता बोलायला मोकळे झाले. तीन गावांनी तिला बोलावणं बंद केलं. त्या गावांतल्या बायांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं मला धैर्य नव्हतं.

मी वाट बघत होतो की ती माझं नाव सांगेल. ती सांगेना. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती ओसरीवर होती.

"पाच मिंटं मी दिली," ती म्हणाली. "ती माजी चूक. ती मी उचलली. पन काठी तुमी खोटी पाडलीत, मास्तर. मी मेल्यावर बी लोकांनी ती काठी बगून पळायचं हुतं. आता पळताना इच्यार करतील."

मी विचारलं की तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही?

"पाच गावं हिंडावं लागंल सांगाया. एकेकाला पटवाया लागंल. तवर हितं कोन? दुसरी कुनी आडली म्हंजी?"

मी म्हटलं, मी सांगतो.

"सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता पंधरा दिवस गेले आणि लोणावळ्याच्या बदलीचा हुकूम आला. निरोपसमारंभात पाटील म्हणाले, मास्तरांसारखा झटणारा माणूस पुन्हा मिळणार नाही.

लोणावळ्यात मी अकरा वर्षं काढली. पदं वाढतच गेली, आणि मी ती वाढू दिली. अंगावर कामांचं ओझं असलं की मनावरचं ओझं कळत नाही, हे मला फार लवकर समजलं होतं. लोक म्हणत मास्तरांना क्षणाची उसंत नाही. ती मी ठेवतच नव्हतो.

एका सकाळी आमच्या शेजारणीनं सहज विषय काढला. तिची मुलगी मळवलीकडच्या गावात दिलेली होती, दिवस भरत आले होते. मी विचारलं, की सुईण कोण आहे तिकडे? शेजारीण म्हणाली, "एक म्हातारी आहे म्हणे, शालवाली. पण मी मुलीला बजावलंय, काही झालं तरी तिला बोलावू नका. ती शालीपायी पोर मारते."

मी मांडलेलं खोटं चार कोस चालून माझ्याच ओसरीवर आलं होतं, आणि आता एका पोरीच्या जिवावर बसलं होतं. तेव्हाही मी गप्प राहिलो. मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी एका संस्थेची सभा होती. तिचा अध्यक्ष मीच. सभेला न जाता मी सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरलो.

मावशी ओसरीवरच होती. पाठ वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. नखं मात्र घासलेली. मला आवाजावरून ओळखलं. मी तिच्या पायाशी बसून माफी मागितली. माझा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं त्या भरून येण्याचंही मला बरं वाटत होतं. तिनं ते चालू दिलं नाही.

"माजं काय गेलं, मास्तर? नाव गेलं. त्ये न्हाई तरी मी वापरीत नव्हते." मग म्हणाली, "जिचं पोर गेलं ती खालच्या आळीला ऱ्हाती. तिची सासू अकरा वर्सं तिला म्हनतीया, तू कळा लपिवल्यास, नवऱ्याला उशिरा धाडलंस, तू खाल्लंस पोराला. मला शालवाली म्हनती त्ये येगळं, आन सुनंला ह्ये येगळं. मी सांगाया गेलते. म्हातारीनं दार लावून घेतलं. तितं जावा. माज्याकडं रडत बसू नगा, माजी दुपारची झोप जाईल."

हे ती गंमतीनं म्हणाली नाही. ती खरंच आत जाऊन झोपली.

मला आजवर वाटत होतं की माझ्या खोट्याचं ओझं एका माणसावर आहे, आणि ते माणूस खंबीर आहे. दुसरीचा मी विचारच केला नव्हता.

शेवटाकडे येण्याआधी आणखी एक सांगतो. लोणावळ्याला परतल्यावर मी शेजारणीला सगळं सांगितलं आणि तिच्या मुलीच्या वेळी मावशीला बोलावलं गेलं. ते सोपं गेलं. त्याच महिन्यात मी एकेका पदाचे राजीनामे दिले. आता मी फक्त पहिलीला शिकवतो. साडेदहा ते साडेपाच मी शाळेत सापडतो, एरवी घरी. माझ्याबद्दल म्हणतात, की मास्तर खचले, समाजकार्य सोडलं, स्वार्थी झाले. म्हणू देत. दहा ठिकाणी अर्धा असलेला माणूस कुठंच नसतो, आणि तो नसण्याची किंमत भलताच कोणी भरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. माझ्या वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं जोडाक्षरं वाचतात.

तर त्या रविवारी मी खालच्या आळीला गेलो. चंद्रा अंगणात सुपानं भात पाखडत होती. तिशीची असेल, पण केस पांढरे व्हायला लागले होते. मागे दोन मुली खेळत होत्या. शेजारच्या अंगणात तीन-चार बाया होत्या, त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी कोण ते सांगितलं. तिनं पदर सावरला, म्हणाली, की बसा मास्तर, मालक शेतावर गेल्यात. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो.

मी म्हटलं, "चंद्राबाई, त्या दिवशी मावशी आपणहून सत्काराला आली नव्हती. माळ्याची बायको अडली असं खोटं सांगून मी तिला नेलं. म्हणून काठी स्टेशनाकडे होती. तुम्ही उशिरा सांगितलं नव्हतं. तुमच्या मालकांनी वेळ घालवला नाही. तुमचं मूल माझ्या खोट्यामुळे गेलं."

तिच्या हातातलं सूप थांबलं. शेजारच्या बायाही थांबल्या. तिचे डोळे कोरडेच होते. मग तिनं सूप खाली ठेवलं, घराच्या दाराकडे बोट केलं आणि अगदी हळू म्हणाली, "आत्याबाई आत हायेत. त्यांस्नी कमी ऐकू येतं."

मी दाराशी गेलो. आत अंधारात तिची म्हातारी सासू भिंतीला टेकून बसली होती. मी उंबऱ्यापाशी वाकलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. माळ्याची बायको, पळणारी मावशी, पाच मिनिटं, आभारप्रदर्शन, सगळं, आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हातारी म्हणाली, "काय म्हनतोय ह्यो?" चंद्रा माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती, चंद्राबाई. चूक माझी होती. मला माफ करा."